इस्तंबूलचा येरेबातान हौद: शुक्रवारी, ज्येष्ठांसोबत (पायवाट, खांबटाकं आणि चुनासुरखी या तिघांची चर्चा)

पायवाट
सुलतानअहमद भागासाठी एकच दिवस आहे, नेमका शुक्रवार. सोबत सत्तरीचे आईबाबा, गुडघे कुरकुरतात पण सावकाश चालतात. येरेबातान (जमिनीखालचा जुना पाण्याचा हौद), आया सोफिया, निळी मशीद आणि हिप्पोड्रोम (जुनं रथशर्यतींचं मैदान) कोणत्या क्रमाने करावं? आणि हौदात खरंच उतरावं, की फोटोत दिसतं तेवढंच?

खांबटाकं
उतरा. ५२ दगडी पायऱ्या आहेत, कठडा धरून सावकाश. खाली पोचल्यावर सगळं सपाट, पाण्यावरून बांधलेली वाट. छतातून टपटप चालूच असते, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. बाहेर पडायचा जिना वेगळा आहे. कोणी वरच थांबणार असेल तर प्रवेशदाराशी ताटकळत ठेवू नका, चुकामूक होते.

शुक्रवारचा क्रम: सकाळी उघडताच आया सोफिया, मग हौद, जेवण, हिप्पोड्रोम, आणि निळी मशीद सगळ्यात शेवटी. दुपारच्या नमाजामुळे ती पर्यटकांना अडीचच्या सुमारासच उघडते. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. आया सोफियात परदेशी पर्यटकांना आता फक्त वरचा सज्जा बघता येतो, तिकीट २५ युरो, आणि वर जायची वाट दगडी चढाची. आईबाबांचा दम राखायचा तर तो सकाळीच उरकावा. २०२५ पासून घुमटाच्या दुरुस्तीची परांची आत उभी आहे, ती मनात धरून जा.

चुनासुरखी
हौदाबद्दल थोडं, म्हणजे खाली गेल्यावर नुसते दिवे बघत बसणार नाही. सहाव्या शतकात बायझेंटाइन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियनने बांधून घेतलेला. सुमारे १३८ मीटर लांब, ६५ रुंद. २८ खांबांच्या १२ ओळी, एकूण ३३६, प्रत्येक ९ मीटर उंच. भरला तर साधारण ८ कोटी लिटर. पाणी शहराबाहेरच्या बेलग्राद अरण्याकडून जलसेतूवरून यायचं. भिंती ४ मीटर जाड, विटांच्या, आतून विटांची भुकटी मिसळलेल्या चुन्याचा गिलावा. आपल्या सुरखीचाच भाऊबंद.

सह्याद्रीतली खांबटाकी (किल्ल्यांवरची खांब असलेली पाण्याची टाकी) पाहिलेल्यांनी फरक टिपावा: आपल्याकडे कातळ कोरताना खांब शिल्लक ठेवले, इथे बहुतेक खांब जुन्या इमारतींमधून आणून उभे केले. म्हणूनच ते एकसारखे नाहीत. वायव्य कोपऱ्यातली दोन मेड्युसाची (जिच्या नजरेने माणूस दगड होतो ती ग्रीक पुराणातली) डोकी, एक आडवं नि एक उलटं, त्याच काटकसरीतली. नजर बाधू नये म्हणून फिरवली, ही गाइडची आवडती कथा. खांबाच्या बैठकीची उंची जुळवायला दगड हवा होता, हे जास्त पटतं.

अश्रूंसारखे थेंब कोरलेला खांब चुकवू नका. हुबेहूब तशाच खांबांचे तुकडे जवळच्या बेयाझित भागात ट्रामच्या रस्त्याकडेला उघड्यावर पडलेत, फुकटात बघता येतात.

पायवाट
फार उपयोगी. तिकीट आधी काढावं का? म्युझियम पास (अनेक संग्रहालयांचा एकत्रित पास) चालेल?

खांबटाकं
पास चालत नाही, हौद नगरपालिकेचा आहे. ऑनलाइन काढा म्हणजे आईबाबांना तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. संध्याकाळच्या सत्राचं तिकीट वेगळं आणि महाग. त्यापेक्षा सकाळची वेळ बरी. दिवे रंग बदलत राहतात, फोन कठड्यावर टेकवून नाइट मोडमध्ये काढा. फ्लॅशने फक्त हवेतला दमट धूसरपणा उजळतो, खांब काळेच राहतात. भिंगावर थेंब पडतात, रुमाल हाताशी असू द्या.

चुनासुरखी
आणि हौदाच्या प्रवेशदाराजवळच, ट्रामरस्त्याच्या कोपऱ्यावर एक मोडका दगडी खांब आहे, बहुतेक लोक शेजारून निघून जातात. तो मिलियन नावाचा मैलाचा दगड, बायझेंटाइन साम्राज्यातली अंतरं तिथून मोजायचे. त्याला लागून उंच दगडी मनोरा दिसेल तो ऑटोमन काळातला, नळातल्या पाण्याचा दाब आवरायला. पुण्यातल्या कात्रजच्या नळावरचे उच्छ्वास (पाण्याचा दाब सोडायचे मनोरे) पाहिलेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.