जेएलसीने फ्यूचरमॅटिक पुन्हा काढलं तर? तुमच्या मनातलं घड्याळ सांगा

बिनचावीचा

मंडळी, जेगर-लेकूल्त्र (जेएलसी) या स्विस घड्याळ कंपनीच्या एखाद्या जुन्या मॉडेलवरून नवं घड्याळ काढायचं काम तुमच्यावर सोपवलं, तर कुठलं घ्याल? आणि त्यातलं नेमकं काय ठेवाल? त्यांचं उलटं फिरवता येणारं रेव्हर्सो सोडून बोला, त्याचे इतके अवतार झालेत की त्याची काळजी आपण करायला नको.

माझं ठरलंय. फ्यूचरमॅटिक, १९५१. मामा गेल्यावर त्याचं माझ्याकडे आलं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वाटलं, क्राउन, म्हणजे चावी द्यायचं बाजूचं बोंड, कुठेतरी पडलाय. बाजूला काहीच नाही, नुसती गुळगुळीत कड. काटे लावायची चकती पाठीला, चपटी बसवलेली. चावी द्यायची सोयच ठेवलेली नाही, मनगट हलेल तेवढ्यावर चालायचं. हाताच्या हालचालीने कमान (घड्याळ चालवणारी स्प्रिंग) भरणारा आतला लोलक पूर्ण गोल फिरत नाही. थोडा झुलतो आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून परत येतो. रात्री सगळं शांत झाल्यावर हात उलटा केला की मनगटाला कळतं : टक्. जरा वेळाने परत टक्.

पण मी खरा खुळावलो ते वेगळ्याच गोष्टीने. काढून ठेवलं तर हे घड्याळ अगदी रिकामं होईपर्यंत चालत नाही. साधारण सहा तासांची ताकद शिल्लक असतानाच आतला अडसर बॅलन्सला, म्हणजे वेळेचा ठेका धरणाऱ्या चाकाला, धरून ठेवतो. घातलं, हात हलवला की त्या शिल्लकीवर लगेच चालू, चावीची गरजच नाही. उलट बाजूने, कमान पूर्ण भरली की लोलकही अडकून बसतो. उगाच ओढाताण नाही.

तर मला त्याचा नुसता चेहरा नको, हे डोकं हवंय. नऊवर पॉवर रिझर्व्ह (किती ताकद उरली ते दाखवणारा काटा), तीनवर छोटा सेकंद, तारीख अजिबात नको. किंवा ती दोन गोल खिडक्यांची तबकडी, जिच्यात या दोन्हींसाठी काट्यांऐवजी चकत्या फिरतात. मूळ ३५ मिमीच्या आसपासचं आहे, मी ३७ पर्यंत सोसेन. त्यापुढे गेलात तर मामा स्वप्नात येईल.

गजरवेडा

तुझं घड्याळ हुशार असेल, माझं बोलतं. मेमोव्हॉक्स. हाताने चावी द्यायचं १९५० चं, ऑटोमॅटिक १९५६ चं. दोन क्राउन, त्यातला एक फक्त गजराचा. तो फिरवला की तबकडीच्या मधली चकती फिरते आणि तिच्यावरचा बाण गजराची वेळ दाखवतो. वेळ झाली की हातोडी पाठीला लावलेल्या खिळीवर आपटते, म्हणजे अख्खी पाठच वाजते. कानाला कळायच्या आधी हाडाला कळतं. मीटिंगमध्ये एकदा वाजलं, तर शेजारचा स्वतःचा फोन शोधायला लागला. आणि लाकडी टेबलावर काढून ठेवा, मग बघा.

२०२० साली त्यांनी काचेच्या पाठीचं काढलं. हातोडी आता केसच्या कडेला बसवलेल्या गाँगवर, म्हणजे वाजणाऱ्या तारेवर, पडते. यंत्र दिसतं, दिसायला झकासच आहे. पण गजराच्या घड्याळाची पाठ ही बघायची जागा नव्हे. मला हवंय बंद पाठीचं, ३६ मिमी, बिनतारखेचं, चिरचिरणारं मेमोव्हॉक्स. १९६८ च्या मेमोव्हॉक्स पोलारिसला तर पाण्याखाली आवाज दबू नये म्हणून बाहेरच्या पाठीला १६ भोकं पाडली होती. तेव्हा असा विचार करणारी माणसं तिथे होती.

तबकडी तशीच

दोघांनाही अनुमोदन, पण आधी एक अट लिहून घ्या : नकली म्हातारपण नको. आकडे अंधारात चमकवायला रंगात घालत त्या किरणोत्सर्गी ट्रिशियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. जुन्या आकड्यांचा चमकरंग विझत, पिवळा पडत तिथवर पोचायला काही दशकं गेली. आता पहिल्याच दिवशी चहात बुडवल्यासारखे आकडे घेऊन घड्याळ डब्यातून बाहेर येतं. १९६८ साली ते घेणाऱ्याला तरी आकडे कोरे पांढरेच मिळाले होते ना?

माझं मत जिओफिजिकला. १९५८, आत मऊ लोखंडाचं आवरण, चुंबकापासून बचावाला. उत्तर ध्रुवाखालून गेलेल्या नॉटिलस पाणबुडीच्या कप्तानाला हे भेट मिळालं होतं. २०१४ साली पुन्हा काढलं तेव्हा ३५ चं ३८.५ झालं. वाईट नव्हतं, पण अंग सुटल्यासारखं. आता बॅलन्सची बारीक स्प्रिंग (हेअरस्प्रिंग) सिलिकॉनची वापरता येते, तिला चुंबकाचं भय नाही. मग ते लोखंड काढून टाका आणि वाचलेल्या जागेत घड्याळ पातळ करा. नक्कल करायचीच तर गरजेची करा, उपायाची कशाला?

कमानीचा कारागीर

फ्यूचरमॅटिक माझ्या टेबलावर येऊन गेलीत, म्हणून थोडं थंड पाणी ओततो. तो सहा तासांचा अडसर कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात आधीच्या कुणीतरी तो नीट न बसवता झाकण लावलेलं असतं, कारण त्याच्याशिवायही घड्याळ चालतं. गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तुमचं खरंच थांबतंय का, की नुसतं संपतंय? थांबल्यावर पॉवर रिझर्व्हचा काटा कुठे आहे ते बघा.

दुसरं, ती मागची चकती. बाजूचा क्राउन हवेत असतो, हा दिवसभर घामात. नवीन काढताना खरा प्रश्न तोच. आत पूर्ण गोल फिरणारा लोलक, म्हणजे रोटर, घाला, माझी हरकत नाही (तुमची टक् मात्र जाईल), पण चकतीखाली पाणी अडवायला दमदार रबर हवं आणि तरी ती दोन बोटांनी फिरायला हवी. रबर जितकं घट्ट, तितकी चकती जड. जमलं तर ती पाठीत खोल बसवून वर झाकण द्या. भिंग असेल तर स्वतःच्या घड्याळाची चकती बघा एकदा.

बिनचावीचा

कारागीरसाहेब, दोन्ही बघितलं. शनिवारी काढून ठेवलं होतं, आज उचललं तर काटा शून्यावर न येता आधीच थांबलेला. म्हणजे अडसर जिवंत आहे. इथवर मी खुश होतो.

मग भिंग लावलं. चकतीच्या कडेचे दाते एका बाजूला झिजून सपाट झालेत, आणि खाचेत हिरवट काळा मळ असा बसलाय की टाचणीने कोरावा लागेल. हा घाम निम्मा मामाचा, निम्मा माझा. म्हणजे माझ्या यादीत खोल बसवलेली चकती आणि झाकण आलं. टक् मात्र सोडत नाही, रोटर तुमच्या घड्याळात घाला. टाचणी लावू का, की तुमच्याकडेच पाठवू?

कमानीचा कारागीर

टाचणी लांब ठेवा. पाठवा.