जखमेचे फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवावेत की नाही?

वाळपईकर
आईला बरीच वर्षं डायबेटिस आहे, पायाची जाणीव कमी झालीय. गेल्या पावसात कुळागरात (सुपारीच्या बागेत) टाचेत काटा गेला तो तिला कळलाच नाही, चार दिवसांनी आम्ही बघितलं तर जखम. दर दोन दिवसांनी बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायचं म्हणजे माझा अख्खा दिवस गेला, म्हणून डॉक्टरच म्हणाले ड्रेसिंग जवळच्या हेल्थ सेंटरवर करा आणि मला फोटो पाठवा. मग ड्रेसिंग सोडलं की पडवीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, बाजूला शाळेची पट्टी धरून फोटो काढायचो. एक दिवस सहज पहिला आणि ताजा फोटो शेजारी ठेवला तर कडेला काळपट भाग वाढलेला, रोज बघणाऱ्या आमच्या डोळ्यांना तो दिसलाच नव्हता! लगेच पाठवला, त्यांनी त्याच दिवशी बोलावून मेलेला भाग काढला. पाय वाचला. माझं म्हणणं, लांब राहणाऱ्या प्रत्येक पेशंटला फोटो काढायला शिकवायला हवं.

ड्रेसिंगवाली_ताई
दादा, आईचा पाय वाचला हे वाचून खूप बरं वाटलं, पण मी याच्या विरोधात आहे. कितीतरी वर्षं ड्रेसिंगच करतेय. फोटोत वास येत नाही, पायाचा गरमपणा कळत नाही, नाडी लागते का ते कळत नाही, आणि वरून लालबुंद छान दिसणाऱ्या जखमेत तपासायची बारीक सळई घातली की थेट हाडाला लागते असं कितीदा बघितलंय. आमच्याकडे एक आजोबा आले होते, घरच्यांनी चार दिवस फोटो पाठवले, समोरून "ठीक दिसतंय" आलं म्हणून घरीच ठेवले आणि आणले तेव्हा तापाने फणफणलेले. फोटो पाठवला की माणसाला वाटतं दाखवून झालं, मला भीती त्याचीच आहे.

पेडण्याचा_फोटोवाला
ताई, ते फोटो पिवळ्या बल्बखाली काढले असणार. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता, तेव्हा मेगापिक्सेल कमी ही अडचण होती. आता ती नाही, आता अडचण रंगाची आहे, फोन स्वतःच त्वचा गुळगुळीत करतो, रंग बदलतो. जखमेजवळ पांढरा स्वच्छ कागद ठेवा, ब्यूटी मोड बंद करा, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फोटो दाबून बारीक होत नाही.

ड्रेसिंगवाली_ताई
उजेडाचं पटलं. पण पुरळसुद्धा बोटाने दाबून बघावं लागतं, लाली जाते की तशीच राहते ते. ते कुठल्या कॅमेऱ्याने करणार?

डिचोलीकरीण
मला वेगळाच राग आहे. माझ्या ऑपरेशनच्या टाक्यांचा फोटो मी फक्त बहिणीला पाठवलेला, तिच्याकडून फॅमिली ग्रुपवर गेला, चतुर्थीला घरी आलेली काकी सगळ्यांसमोर विचारते पोट कसं आहे. शरीर माझं आहे ना! आधी विचारा, मग पाठवा.

वाळपईकर
हे शंभर टक्के बरोबर, आईला विचारल्याशिवाय मी एकही फोटो काढला नाही. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून पेशंट बघण्याचे नियम काढले, त्यात पेशंटच्या फोटोंचा गैरवापर डॉक्टरने केला तर ते गैरवर्तन धरलंय. पण घरच्यांना कोण धरणार? आणि ताई, त्याच नियमांत फोटोवर भागेल की प्रत्यक्ष बघायला हवं हे डॉक्टरने ठरवायचंय, पेशंटने नाही. म्हणजे तुमच्या आजोबांच्या बाबतीत चूक फोटोची नाही, "ठीक दिसतंय" म्हणणाऱ्याची.

ड्रेसिंगवाली_ताई
चूक कोणाची का असेना, भोगलं आजोबांनी.

दोन_पोरांची_आई
मध्येच बोलते. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल न येता पुन्हा पुन्हा पांढरी आली तर प्लीज थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कधी काही नसतं, पण रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्याचा कॅन्सर असा घरच्या फोटोत आधी दिसू शकतो. वाढदिवसाचे जुने फोटो आजच उघडून बघा.

ड्रेसिंगवाली_ताई
हे मात्र मी आमच्या लसीकरणाच्या दिवशी सगळ्या आयांना सांगणार. वाळपईकर दादा, आईचा दुसरा पाय शेवटचा कधी तपासला? तळवा, बोटांच्या मधली जागा, सगळं?

वाळपईकर
दुसरा बघितलाच नाही ताई. उद्या सकाळी घेऊन जातो, फोटो नाही, आईलाच.