डीईएस ५६ तासांत फुटलं, मग एईएस का फुटत नाही?

बिनतारी:
१९९८ मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत खास यंत्र बांधून डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करण्याच्या) पद्धतीची ५६ बिटांची की, म्हणजे किल्ली, ५६ तासांत शोधली. आजच्या एईएस-१२८ पद्धतीची की त्याहून फक्त ७२ बिटांनी मोठी. आज जीपीयू (वेगवान ग्राफिक्स चिप) तासावर भाड्याने मिळतात, तरी ब्रूट फोर्स, म्हणजे एकेक किल्ली लावून बघणं, अशक्य कसं? माझी बॅकअपची ७-झिप (फाइली एकत्र दाबून ठेवणारं सॉफ्टवेअर) फाइल एईएस-२५६ ची आहे, पासवर्ड आठ अक्षरी, सगळी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं. चालेल ना?

घातांक:
"फक्त ७२" इथेच गफलत आहे. एक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात. म्हणजे ७२ बिटांनी काम २ च्या ७२व्या घाताइतक्या पटीने वाढतं, साधारण ४.७ × १०^२१ पट. समजा, डीईएसच्या सगळ्या किल्ल्या एका सेकंदात तपासणारं यंत्र तुमच्याकडे आहे. त्याला एईएस-१२८ च्या सगळ्या किल्ल्या तपासायला सुमारे १५० लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. नशिबाने निम्म्यातच सापडली, तरी काय फरक पडतो? दहा लाख यंत्रं लावलीत तर फक्त २० बिट कमी होतात, कारण २ चा २०वा घात म्हणजे साधारण दहा लाख.

खिडकीतलाउंदीर:
हिशोब बरोबर, पण २५६ बिटांच्या किल्ल्या कोणी मोजत बसत नाही. हल्ला पासवर्डवर होतो. आठ लहान अक्षरांची जुळणी २६ चा ८वा घात, म्हणजे जेमतेम २०,८८२ कोटी. ७-झिप पासवर्डपासून की बनवताना एसएचए-२५६ या हॅश गणिताच्या (माहितीपासून ठरावीक लांबीचा आकडा काढणाऱ्या) ५,२४,२८८ फेऱ्या मारतं, ते मुद्दाम प्रत्येक प्रयत्न महाग करण्यासाठी. तरीही सेकंदाला एक लाख प्रयत्न धरले तर सगळी यादी २४ दिवसांत संपते. दहापट यंत्रं लावा, अडीच दिवस. आणि पासवर्ड शब्दकोशातला असेल तर इतकंही थांबावं लागणार नाही.

ई-आधारची पीडीएफ बघा. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. नाव माहीत असेल तर उरतात जास्तीत जास्त शंभरेक प्रयत्न. तिथे एन्क्रिप्शन कितीही भारी असो, ते काय करणार?

बिनतारी:
बरं, मग आठाऐवजी काय ठेवू?

खिडकीतलाउंदीर:
७,७७६ शब्दांची डाइसवेअर यादी (फाशांच्या आकड्यांवरून शब्द निवडायची) घ्या, दर शब्दाला पाच फासे टाका, असे सहा शब्द. जवळपास ७७.५ बिट होतात, म्हणजे २ च्या ७७.५व्या घाताइतक्या जुळण्या. वरच्याच वेगाने सुमारे ७,००० कोटी वर्षं. शब्द मनाने निवडू नका, हिशोब फाशांवर उभा आहे.

घातांक:
शिवाय फाइल बनवताना "एन्क्रिप्ट फाइल नेम्स" वर टिक करा, नाहीतर पासवर्डशिवायही आतल्या फाइलींची नावं दिसतात. नवी फाइल उघडून तपासली की पेनड्राइव्ह, मेल, क्लाउड सगळीकडची जुनी प्रत पुसून टाका. पासवर्ड बदलला म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही.