मदत हवी आहे: शाळेच्या पटांगणातली काळी माती
नमस्कार मंडळी. आमच्या जिल्हा परिषद शाळेचं पटांगण काळ्या मातीचं. पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल, उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा. लोकवर्गणीतून थोडे पैसे जमलेत. घसरगुंडीऐवजी (दुपारी तापलेल्या पत्र्यावर बसणार कोण?) वाळूचा हौद आणि अर्धे पुरलेले जुने टायर करायचं ठरतंय. टायरांत पाणी साचून डास नकोत म्हणून भोकं पाडणार आहोत. अडचण मातीचीच. नुसता मुरूम टाकला तर चिखलात बसतो, असं गवंडी म्हणतात. मग खाली सोलिंग (दगडांचा थर) करावं, की आधी उतार देऊन चर काढावा? आणि सावलीला कडुनिंब बरा की करंज? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर खर्चासकट सांगा.