मॅकॉय पाडलं, रिकवुड राखलं. बरोबर काय?

ओसरी
पॉटकेटचं मॅकॉय स्टेडियम पाडलं, हे अजून पचत नाही. ऱ्होड आयलंडमधलं १९४२ चं बेसबॉल मैदान. मायनर लीगचं, म्हणजे मोठ्या संघात जायच्या आधी पोरं जिथे घासून निघतात तिथलं. तिथे खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पायाखाली होती. सही हवी असेल तर मुलं दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापायची, त्यात चेंडू नि पेन ठेवून दोरीने खाली सोडायची. मी इकडे नवा होतो, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे पाणी शेंदणं लगेच कळलं.

१८ एप्रिल १९८१ ला सुरू झालेला सामना इथेच पहाटे ४:०७ ला, ३२ डावांनंतर थांबवला (एरवी नऊच असतात). थंडी अशी, की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून शेकत होते. प्रेक्षक उरले १९. जूनमध्ये पुढे खेळवला तेव्हा १८ मिनिटांत निकाल! अलाबामातल्या बर्मिंगहॅमने १९१० चं रिकवुड मैदान जपलं, मग यांना काय धाड भरली होती?

तिरकस
संघच २०२० नंतर शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला गेला. रिकाम्या स्टँडचं काय लोणचं घालायचं? त्या जागी हायस्कूल होतंय. सामने चालू असताना तुम्ही वर्षाला किती वेळा जात होतात, ते आधी सांगा.

ओसरी
दोनदा. फार तर तीनदा. मुद्दा तो नाही.

तिरकस
तोच तर आहे.

पायपीट
रिकवुड पाहिलंय. सुंदर आहे, वादच नाही. पण 'जपलं' म्हणताना काय जपलं तेही बोला. बॅरन्स या तिथल्या गोऱ्यांच्या संघाच्या सामन्यांना काळ्या प्रेक्षकांना उजव्या कडेला वेगळं बसवायचे. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळूच नये असा शहराचा कायदा होता, त्यात पत्ते आणि सोंगट्याही आल्या! संघात काळे खेळाडू घेण्यापेक्षा १९६१ नंतर अख्खी सदर्न असोसिएशन, म्हणजे बॅरन्सची लीगच, बंद पडलेली चालली. १९६२ आणि ६३ ला बॅरन्स नव्हतेच.

ओसरी
अहो, पण पुढे बेसबॉलचा दिग्गज झालेला विली मेज १९४८ ला तिथेच ब्लॅक बॅरन्सकडून, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या संघाकडून, खेळला. शाळकरी पोर होता. मैदानच नसतं तर हे सगळं दाखवणार कुठे?

पायपीट
दाखवतात का पण? २०२४ च्या जूनमध्ये तिथे मोठ्या लीगचा सामना ठेवला, मेज दोनच दिवस आधी गेला होता. सगळं हळवं वातावरण. तेवढ्यात टीव्हीवर रेजी जॅक्सन या जुन्या काळ्या खेळाडूने १९६७ चं सांगितलं. इथे खेळत असताना हॉटेलात जेवू देत नव्हते, राहू देत नव्हते, सहकाऱ्याच्या घरी सोफ्यावर झोपायचा. मला तर त्या संध्याकाळी तेवढंच खरं वाटलं.

ओसरी
मान्य. पण तो बोलला ते सामना रिकवुडवर होता म्हणून. वूस्टरच्या नव्याकोऱ्या मैदानात कोण विचारणार होतं त्याला?

तिरकस
हे मात्र बिनतोड. तरी प्रत्येक गावाला रिकवुड परवडत नाही. इंडियानापोलिसमध्ये १९३१ च्या बुश स्टेडियमचे फ्लॅट केले. बाहेरून तेच मैदान, आत लोक कुकर लावतात. मला हे आवडतं.

ओसरी
कुकर? इंडियानापोलिसात?

तिरकस
आपला एखादा राहत असेलच की.