मदत हवी आहे: नाईट लॅचमध्ये किल्ली अर्धी फिरून अडकली आहे

चिपळूणला आईकडे आले आहे. काल संध्याकाळपासून पुढच्या दाराच्या नाईट लॅचमध्ये बाहेरच्या बाजूने किल्ली अडकली आहे. पुढे फिरत नाही, मागे येत नाही, बाहेर निघत नाही. घड्याळाच्या काट्यांवर सांगायचं तर किल्ली बारावर आत जाते, ती आता दोनवर थांबली आहे. लॅचची जीभ अर्धीच बाहेर आहे, त्यामुळे दार ओढून घेतलं तरी नीट लागत नाही. रात्री आतून कडी घातली. पण मला परवा सकाळी पुण्याला निघायचं आहे आणि आई ७६ वर्षांची, घरात एकटी. ती भाजी आणायला बाहेर पडली तर दार बंद कशाने करायचं, हा खरा प्रश्न आहे.

थोडं मागचं सांगते, कारण त्याचा संबंध असावा असं वाटतं. घर तळमजल्यावर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा हे लॅच अख्खं पाण्याखाली होतं. नंतर गाळ धुऊन काढला, लॅच चाललं, म्हणून बदललं नाही. दर पावसाळ्यात दार फुगतं आणि किल्ली जड जाते. मग आई किल्लीला खोबरेल लावते. "अगं, दार जरा ओढून धरलं की फिरते," असं ती म्हणते, आणि इतकी वर्षं फिरतही होती.

काल ती देवळातून आली, किल्ली घातली, अर्धी फिरली आणि रुतली. शेजारचे काका पकड घेऊन आले. त्यांनी पिळायला सुरुवात केली तेव्हा मीच थांबवलं, कारण किल्लीच्या मानेपाशी, जिथे ती कुलपात शिरते तिथे, केसासारखी बारीक चीर दिसते आहे. पितळ तिथे जरा वाकलंय पण. ही तुटली तर आतला तुकडा कसा काढायचा, मला काहीच कल्पना नाही.

दोन दिवस धो धो पाऊस आहे, किल्ल्या बनवणारे बाजारात बसलेले नाहीत. लॅच तोडावं लागेल का? की घरच्या घरी काही करता येईल? घरात पेचकस, पकड, शिवणयंत्राचं तेल आहे. यातली माहिती असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी पकड बाजूला ठेवा आणि किल्ली ओढू नका. दोनवर असलेली किल्ली कितीही ओढली तरी बाहेर येणार नाही, तशी रचनाच असते. आत छोट्या पिना असतात, त्या किल्लीच्या दातांवर बसतात. किल्ली बारावर असते तेव्हा त्या पिनांना वर सरकायला जागा असते, म्हणून दात त्यांच्याखालून निघून येतात. फिरवल्यावर वरची जागा बंद होते आणि पिना किल्लीला धरून ठेवतात. जोर लावला की तुटते ती किल्लीच. म्हणजे तुमचं काम किल्ली काढायचं नाहीच, ती बारावर परत आणायचं आहे.

दार सताड उघडा. एका हाताने आतली मूठ हळूहळू मागेपुढे करा आणि दुसऱ्या हाताने किल्ली अगदी हलकेच बाराकडे ढकला. बऱ्याचदा ताण लॅचच्या जिभेचा असतो, तो सुटला की किल्ली आपोआप येते.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. त्याने नाही झालं तर तोडायची गरज नाही, दार उघडं आहे हे तुमचं नशीब. आतून लॅचची पेटी दाराला स्क्रूने बसवलेली असते, ती काढा. खाली एक पत्रा दिसेल. त्यातून दोन लांब स्क्रू बाहेरच्या गोल सिलिंडरला (ज्यात किल्ली जाते तो भाग) पकडून असतात. ते काढताना बाहेरून कोणीतरी सिलिंडर धरून ठेवा, नाहीतर किल्लीसकट खाली पडेल आणि तुमची ती चीर तिथेच संपेल.

सिलिंडर हातात आल्यावर मागे एक चपटी पट्टी लोंबकळताना दिसेल. आता किल्ली फिरवून बघा. सहज फिरली तर दोष लॅचच्या पेटीत किंवा दारात. नाही फिरली तर सिलिंडरच्या आत घाण आहे.

आणि आईंना सांगा, कुलपात खोबरेल कधीच नको. थंडीत ते थिजतं, आणि एरवीही त्याचा चिकटा होऊन धूळ धरतो. शिवणयंत्राचं तेलही मी घालणार नाही, धूळ त्यालाही चिकटते. शिसपेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून त्याची पूड किल्लीच्या दातांवर चोळायची. एवढं पुरतं.

प्रतिसाद

किल्ली तुटलीच तर घाबरू नका. फ्रेट सॉचं (लाकडात नक्षी कापायच्या करवतीचं) बारीक पातं मिळतं, त्याचे दात बाहेरच्या बाजूला वळलेले ठेवून किल्लीच्या कडेने आत सरकवायचं आणि ओढायचं. मात्र सिलिंडर बारावर असेल तरच. फेविक्विक लावून तुकडा चिकटवायचा प्रयोग अजिबात करू नका, माझ्या भावाने केला होता, सिलिंडर फेकून द्यावं लागलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

मूठ हलवून किल्ली दोनवरून एकपर्यंत आली, पुढे नाही. मग पेटी काढली. चारपैकी एक स्क्रू गंजून डोकं गेलेलं, त्यातच तासभर गेला. काकांनी बाहेरून सिलिंडर धरलं. हातात आल्यावरही किल्ली फिरेना, म्हणजे घाण आतच. काकांकडे थोडं रॉकेल होतं. त्यात सिलिंडर अर्धा तास बुडवून ठेवलं, मग वर्तमानपत्रावर हळूहळू ठोकलं. आतून जे आलं ते बघून मी आणि आई दोघी गप्पच झालो. करडा, मेणासारखा मऊ गाळ. बोटावर घासला तर रेती लागत होती आणि वास खोबरेलाचा. पुराचं पाणी कधीच ओसरलं, त्याचा गाळ मात्र इथे बसून होता.

दुसऱ्यांदा बुडवल्यावर किल्ली बारावर आली आणि निघाली. चीर आरपार गेली आहे, ती किल्ली आता वापरत नाही. कपाटातल्या दुसऱ्या किल्लीने सिलिंडर फिरतंय.

आता एकच विचारायचं आहे. फुगलेल्या दाराला रंधा मारून घेऊ का?

प्रतिसाद

पावसाळ्यात नको. आता तासलंत तर उन्हाळ्यात लाकूड आखडेल आणि फट पडेल. चौकटीवर लॅचची जीभ जिथे शिरते तो पत्रा कानशीने थोडा घासून मोकळा करा, दिवाळीनंतर सुताराला बोलवा. आणि सिलिंडर नवीनच घ्या. फक्त सिलिंडर वेगळं मिळतं, पूर्ण लॅच लागत नाही. जुनं सोबत न्या आणि दाराची जाडी मोजून न्या.

धागाकर्ती

पाऊस जरा उघडला तेव्हा जाऊन सिलिंडर आणलं. मागची पट्टी लांब होती, दुकानदारानेच जुन्याच्या मापाने कापून दिली. चौकटीचा पत्राही घासला. तीन किल्ल्या मिळाल्या: एक आईकडे, एक शेजारच्या काकांकडे, एक मी पुण्याला घेऊन जाते आहे. आईने आत्ताच दार बाहेरून लावून उघडून पाहिलं, चार वेळा. दार ओढून न धरता.