काळं फळ, आतून पोकळ: ब्लॅकबेरी की रासबेरी?

बागवान_दिंडोरी
नमस्कार मंडळी. द्राक्षाची काढणी आटोपून मार्चमध्ये महाबळेश्वरला गेलो होतो. रस्त्याकडेच्या काटेरी झुडपाला काळी, दाणेदार फळं लगडलेली. पिकलेलं फळ ओढलं की अलगद हातात येतं आणि आतून टोपीसारखं पोकळ निघतं. मोबाईलचं ॲप ब्लॅकबेरी सांगतं, मावशी म्हणते तुती. नक्की काय आहे? बागेच्या कुंपणाला लावलं तर येईल का?

रानवाट
तुतीला काटे नसतात, त्यामुळे तुती नक्कीच नाही. काळं आहे म्हणजे ब्लॅकबेरीच. बिनधास्त लावा.

वनस्पती_गंगापूररोड
दादा, रंगावर जाऊ नका. तुम्ही लिहिलेली पोकळीच खरी खूण आहे. ब्लॅकबेरी आणि रासबेरी दोन्ही रुबस याच प्रजातीतल्या (म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट), गुलाबाच्या कुळातल्या. एका फुलातल्या अनेक स्त्रीकेसरांचे हे दाणे होतात. रासबेरी तोडली की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो, ब्लॅकबेरीत तो फळाबरोबर येतो. म्हणजे तुमचं फळ काळं असलं तरी रासबेरीच्या गटातलं.

आता पान उलटून पाहा. खालून पांढरंशुभ्र, लवदार असेल, एका पानात पाच ते नऊ पर्णिका, म्हणजे छोटी उपपानं, असतील आणि जांभळट खोडावर पुसली जाणारी पांढरी भुकटी असेल, तर हा रुबस निव्हियस. परदेशात याला म्हैसूर रासबेरी म्हणतात. तीनच पर्णिका, खोडावर लालसर राठ केस आणि पिवळं फळ असतं तर रुबस इलिप्टिकस म्हटलं असतं, हिमालयातली हिसालू तीच.

ॲप गोंधळतं यात नवल नाही, या प्रजातीपुढे वनस्पतिशास्त्रज्ञही दमतात. रुबसच्या अभ्यासाला बॅटॉलॉजी अशी स्वतंत्र शाखाच आहे. साध्या रासबेरीत गुणसूत्रं 14, युरोपातल्या बहुतेक रानटी ब्लॅकबेरींत 28. त्यातल्या पुष्कळ जणी फलनाशिवाय बी धरतात. परागकण लागतो, पण तो बियांतलं अन्न तयार होण्यापुरता, गर्भ मात्र हुबेहूब आईचा. त्यामुळे एखाद्या झुडपात झालेला बारीकसा फरकही पिढ्यान्‌पिढ्या तसाच टिकतो. एकट्या ब्रिटनमध्ये अशा 300 हून अधिक सूक्ष्म जाती नोंदल्या आहेत. मला तर हे फार विलक्षण वाटतं.

निफाडचा_शेतकरी
कुंपणाचं मी सांगतो. परदेशी रासबेरीच्या बऱ्याच वाणांना हिवाळ्यात 7 अंशांखालचे 800 तास तरी लागतात, काहींना त्याहून पुष्कळ जास्त. आमच्याकडे पारा कधी 5 च्या खाली जातो, पण पहाटे. दुपारी पुन्हा ऊन. एवढ्या थंडीत डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, नीट फुटत नाहीत. द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावून आपण डोळे फोडतो, कारण तिलाही इथे पुरेशी विश्रांती मिळत नाही. नर्सरीवाल्याला वाणाचं नाव आणि थंडीचे तास विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

बागवान_दिंडोरी
सर, फोटो मोठा करून पाहिला. पान खालून पांढरंच आहे, पर्णिका सात! मग देशीच आहे, थंडी फारशी लागत नसेल, तर हेच आणून लावू का?

वनस्पती_गंगापूररोड
मग निव्हियसच. थंडी याला खरंच कमी लागते, फ्लोरिडातही तो घेतात. तरी कुंपणाला लावू नका, हे कळकळीने सांगतो. 1980 च्या दशकात हाच रुबस गालापागोस बेटांवर नेला गेला. पक्ष्यांनी बी पसरवलं आणि तिथल्या सांताक्रूझ बेटावर स्कॅलेशिया नावाच्या स्थानिक झाडांच्या जंगलात याच्या काटेरी जाळ्यांखाली स्कॅलेशियाची रोपं वर येईनाशी झाली. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिकासारखी नाजूक वनस्पती आहे. तिच्या आसपास असं काही पसरायला नको. महाबळेश्वरला आहे तिथेच राहू द्या.

त्यापेक्षा पुन्हा गेलात तर नमुना घ्या. परवानगी घेऊन, वर्तमानपत्रात दाबून. फळवाली फांदी पुरत नाही, यंदाच फुटलेला कोंबही हवा, कारण रुबसचा कोंब पहिल्या वर्षी नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी फळतो आणि वाळतो, आणि दोन्हींची पानं वेगळी दिसतात. फुलाचा रंग तिथेच लिहून ठेवा, वाळल्यावर तो उडतो. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहाशी पडताळायला मी मदत करतो.